भोपळा, तून आणि तंबोरा: मिरजेतल्या एका गटाच्या प्रकल्प नोंदी

26 मे 2024

शेतावर गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही नक्की कोण?" म्हणून ओळख एकदाच लिहून ठेवतो.

गटातले निम्मे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या घरांतले. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. हत्यारांचे काम आटले, तसे 19व्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. पुढे धंद्याचे नावच आडनाव झाले. उरलेल्यांत गाणारे आहेत, आणि शनिवार-रविवारी ओढ्याकाठी दगड रचणारे, रोपे लावणारे आहेत. एकदोघे दोन्हीत मोडतात.

मार्च 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर नाव मिरजेचे आहे, पण वाद्याचे दोन मुख्य घटक मिरजेत पिकत नाहीत. भोपळा येतो मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भीमाकाठाहून आणि तूनचे लाकूड सह्याद्रीकडच्या ओलीच्या पट्ट्यातून. कारागिरी घराघरात जपली गेली. बी आणि झाड यांकडे मात्र गल्लीत कुणी पाहिले नाही, कारण माल दारात येत होता. या वहीत त्या दोन गोष्टींच्याच नोंदी राहतील. भोपळ्याचा तुकडा मंगळवेढा तालुक्यात, तीन गुंठे, एका शेतकऱ्याच्या वावरात. तूनचा तुकडा शाहूवाडी तालुक्यात, मालकी रानातल्या ओढ्याकाठी. मिरजेजवळचा दंडोबा डोंगर सोयीचा असला तरी तिथे तून लावायचा नाही असे पहिल्याच बैठकीत ठरले. तूनला ओल लागते. कोरड्या डोंगरावर तो पहिला उन्हाळा काढणार नाही.

2 जून 2024

तूनची बोंडे काढली. वेळ साधणे हेच यातले सगळे काम. बोंड हिरवे काढले तर बी कच्चे, आणि तपकिरी होऊन चांदणीसारखे उघडले की पंखवाले बी वाऱ्यावर जाते. हिरव्यातून तपकिरीकडे वळलेले, पण न उकललेले घोस आकड्याने काढले. झाडे तीन घेतली, एकमेकांपासून लांबची, म्हणजे सगळी रोपे एकाच आईची होत नाहीत. निवडताना सोट पाहिला. जमिनीपासून सात-आठ फूट सरळ, फांदी नसलेला.

घोस सावलीत जुन्या धोतरावर पसरले. दोन दिवसांत उकलतात. पंखा बंद ठेवायचा. हे लिहायचे कारण म्हणजे पहिला ढीग खोलीभर उडाला.

तूनचे बी टिकत नाही. साध्या खोलीत महिन्या-दोन महिन्यांत उगवण घसरते, म्हणून लगेच पेरायचे. गादीवाफ्यावर ओळीत बी टाकून वर चाळलेल्या वाळूचा पातळ थर दिला, नखाच्या जाडीचा. याहून जाड झाला तर कोंब वर येत नाही. पाणी झारीने, तेही बारीक छिद्रांच्या. वाफ्यावर हिरवी जाळी टाकली, कारण वळवाचा एक सडाका आला तरी इतके हलके बी वाहून कोपऱ्यात गोळा होते.

27 जून 2024

वाफसा आल्यावर भोपळा टोकला. 18 आळी, दोन्हीकडून 4 मीटर अंतर. आळे दोन फूट रुंद, दीड फूट खोल. प्रत्येकात दोन घमेली कुजलेले शेणखत आणि एक ओंजळ निंबोळी पेंड, वर काढलेली माती. शेणखत कच्चे असेल तर हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी येते. आळ्यात चार बिया, टोक खाली. बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवले होते. त्याचे कवच जाड असते, कोरडे टोकले तर उगवण मागेपुढे होते.

हा खाण्याचा भोपळा नव्हे. जात दुधीचीच, पण कडू. गर कडू असल्याने गुरे आणि किडी फारशा नादी लागत नाहीत, म्हणून तर कवच शाबूत राहते. कडू दुधीचा रस पोटात जाऊन माणसे दगावलेली आहेत, तेव्हा वावराच्या बांधावर तशी पाटी लावली. पोरेटोरे कोवळे फळ तोडून घरी नेतात.

14 जुलै 2024

प्रत्येक आळ्यात दोन वेली ठेवून बाकीच्या कापल्या. उपटायच्या नाहीत, शेजारणीची मुळे हलतात. लाल भुंगे आले आहेत. सकाळी सातच्या आत ते जड असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. पाने चाळणीसारखी झालेल्या दोन वेलींवर राख भुरभुरली.

एकादशी 17 तारखेला. या आठवड्यात पंढरपूरच्या आजूबाजूला मजूर मिळत नाही, गाडीही वेळेत पोहोचत नाही. पुढच्या वर्षी विरळणी एक तर आधी उरकायची, नाही तर द्वादशीनंतर.

मुख्य वेल दहा-बारा पानांवर खुडायची आहे. मादी फुले बाजूच्या फांद्यांवर जास्त लागतात. न खुडता सोडली तर वेल लांबच लांब जाते आणि फुले निघतात सगळी नर.

4 ऑगस्ट 2024

शाहूवाडीचा तुकडा. गेल्या पावसाळ्यात लावलेली तूनची 60 रोपे मोजली. 51 जिवंत. त्यांतल्या 19 रोपांचा शेंडा पोखरलेला. ओळखायचे असे: शेंड्याची पाने एकाएकी माना टाकतात आणि खाली देठाच्या बेचक्यात डिंकात चिकटलेला तांबूस भुसा दिसतो. शेंडा उभा चिरला की आत अळी.

अळीने झाड मरत नाही, पण तंबोऱ्याच्या कामाचे राहत नाही. शेंडा गेला की खालून तीन-चार फुटवे येतात आणि झाड कमरेच्या उंचीवर दुभंगते. दांडीला साडेतीन-चार फूट सरळ, गाठ नसलेले लाकूड लागते. गाठीपाशी रेषा वळते, आणि तिथेच पुढे दांडी पिळते. खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची जाड तार वर्षभर ओढत असते, तिला एवढे निमित्त पुरते.

उपाय: पोखरलेल्या भागाच्या चार बोटे खाली तिरपा काप घ्यायचा, आतला गर पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत. कापलेले शेंडे तिथेच टाकायचे नाहीत, जाळायचे. महिन्याभराने येऊन सगळ्यात सरळ फुटवा ठेवायचा, बाकीचे काढायचे.

पोखर कुठे जास्त आहे हेही टिपून घेतले. उघड्यावर, ओळीत लावलेल्या 30 रोपांत 15. जांभूळ, करंज आणि उंबराच्या अर्धसावलीत, मध्येमध्ये लावलेल्या 30त 4. एवढ्याशा आकड्यावर सिद्धांत मांडायचा नाही, पण निव्वळ तूनची बाग हा खुळेपणा आहे हे जुने वनकर्मी सांगतच आले आहेत. पुढची सगळी लागवड मिश्र, तूनमध्ये 5 मीटर अंतर, मध्ये दुसरे काहीतरी. शिवण चालेल, तिचेही लाकूड वाद्याला लागते.

24 ऑगस्ट 2024

आजचे काम संध्याकाळचे. या भोपळ्याचे फूल पांढरे, दिवस मावळताना उमलते आणि सकाळी कोमेजते. पराग नेण्याचे काम रात्रीचे पतंग करतात. अडचण अशी की अर्ध्या किलोमीटरवर खायच्या दुधीचा मांडव आहे. दोन्ही एकाच जातीचे, त्यामुळे पराग सहज मिसळतो.

गटात यावर बराच वेळ वाद झाला, म्हणून नीट लिहितो. परक्या परागाने या वर्षीच्या भोपळ्याचा आकार बिघडत नाही. कवच आईच्या वेलीचे असते. बिघाड असतो बियांत, तो दिसतो पुढच्या वर्षी, आणि तोपर्यंत शेतकरी म्हणतो बी तेच होते. शिवाय उलटही होते. आपला पराग तिकडे गेला, त्यांनी घरचे बी धरले, तर पुढच्या वर्षी त्यांच्या मांडवात कडू दुधी. म्हणून मांडववाल्यांना आधीच सांगितले की बी विकत घ्या, या हंगामाचे धरू नका. बियाण्याच्या प्लॉटला किलोमीटरच्या आसपास अंतर हवे, ते मिळण्यासारखे नाही. मग हाताने पराग देणे आले.

पद्धत: दुपारी चारला उद्याची नव्हे, आजची कळी ओळखायची. टोकातून सुरकुतलेला पांढरा कागद डोकावल्यासारखे दिसते. मादी कळीच्या खाली बोटाएवढा लोमश भोपळा असतो आणि देठ आखूड, नराचा देठ लांब व सडपातळ. दोन्हींवर बटरपेपरची पिशवी, तोंडाला सैल दोरा. साडेसहा ते साडेसातमध्ये नर फूल खुडायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि केसर मादीच्या तिन्ही पाळ्यांवर हलकेच फिरवायचे. एका मादीला दोन नर, दुसऱ्या आळ्यातले. पुन्हा पिशवी, तीन दिवसांनी काढायची. खूण म्हणून देठाला लाल लोकर. सुतळी ओली झाली की देठ कापते.

14 फुले केली, 9 धरली. गेलेल्या पाचांपैकी तीन आठ वाजल्यानंतर केलेली होती, दोन पिशव्यांत पाऊस शिरला.

15 सप्टेंबर 2024

वेलीला दोनच फळे, फार तर तीन. बाकीची लिंबाएवढी असतानाच खुडली. जास्त ठेवली तर सगळीच मध्यम होतात, आणि मध्यम भोपळा सतारीला जातो, तंबोऱ्याला नाही. मोजणी: 58 फळे.

बैठक हा या पिकातला खरा हातखंडा. भोपळा मातीवर नुसता टेकला तर खालची बाजू चपटी होते आणि ओलीने डाग पडतो. भाताच्या पेंढ्याचे चुंबळ करून त्यावर भोपळा बसवला. कवच कोवळे आहे तोवर आठवड्यातून एकदा दोन बोटे फिरवायचा, तोही दुपारी, देठ जरा सैल असताना. सकाळी देठ काचेसारखा तटकन मोडतो. शेतकरीदादांनी फिरवायची दिशाही ठरवून दिली आहे, "एकदा उजवीकडं सुरू केलं की उजवीकडंच. देठाला पीळ मागं-पुढं देऊ नका."

फळमाशीसाठी क्यू ल्यूर या आमिषाचे चार सापळे. त्यांत नर माश्या अडकतात. पण आधी डंख झालेली फळे वाचत नाहीत. डंखाच्या जागी मधासारखा थेंब दिसला की फळ तोडून खड्ड्यात पुरायचे.

29 सप्टेंबर 2024

नवरात्र तोंडावर. मिरजेत अंबाबाईच्या देवळात या दिवसांत गाणे असते, त्यामुळे गल्लीत जवारीच्या, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जमवण्याच्या कामांची रांग. शेताची फेरी नाही. आज गटातल्या रोपे लावणाऱ्या मंडळींना जवारी दाखवली. लाकूड आणि भोपळा ज्यासाठी जपायचा ते एकदा कानाने कळायला हवे.

वाद्य मर्दानी तंबोरा, म्हणजे पुरुषांच्या आवाजाचा मोठा, चार तारा. पंचमाची, जोडाच्या (मधल्या) दोन पोलादी, खरज पितळेची. तक्रार: खरज "बंद" वाजतो. तारा सैल करून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढली. खरजाच्या तारेखाली खाच पडलेली. जाड तार हेलकावा मोठा घेते, तीच घोडी आधी खाते. सपाट कानसीने वरचा पृष्ठभाग उतरवला, दोन-तीन हातच, मग काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर घासला. घोडीचा माथा सपाट नसतो, पुढच्या कडेकडे अगदी थोडा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, त्यातून तो झणकार येतो. उतार जास्त झाला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा. कमी झाला तर तार दबते. नंतर तारेखाली सुती दोरा सरकवत नेला. एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात, आवाज एकदम भरतो. तिथेच दोरा थांबवायचा. पावसाळा संपताना केलेली जवारी ऑक्टोबरच्या उन्हात हलते, कारण तबलीतली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणातली ओल जाऊन ती किंचित बसते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे, नाही तर दोष आपल्या माथी.

20 ऑक्टोबर 2024

परतीचा पाऊस. 11 भोपळे कुजले, सगळे वावराच्या खालच्या कोपऱ्यातले. चूक आमची. चर काढला होता तो वरच्या बाजूला, पाणी बाहेर काढायला खाली वाट ठेवलीच नव्हती. पेंढ्याची चुंबळेही भिजून स्पंजासारखी झाली. उरलेल्या 47 फळांखाली चुंबळाच्या तळाशी विटेचे तुकडे घातले. पानांवर भुरी आहे, पण फळे पोसून झाल्यामुळे फवारणी केली नाही.

15 डिसेंबर 2024

शाहूवाडीत ओढ्यावर अनघड दगडी बांध, तीन. उद्देश पाणी अडवण्यापेक्षा माती धरण्याचा आहे. तूनची रोपे काठावर आहेत आणि काठ दर पावसाळ्यात वीतभर आत येतो. ओढा 4 मीटर रुंद. पायासाठी एक फूट खोदले, दोन्ही काठांत दीड-दोन फूट घुसवले. उंची 75 सेंटीमीटर, एक मीटरच्या वर जायचे नाही. माथा 40 सेंटीमीटर. वरच्या अंगाला उतार एकास एक, खालच्या अंगाला एकास तीन. मोठे दगड बाहेर, बारीक आत. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली. गेल्या वर्षी एका बांधाचा माथा दोरीत सरळ केला होता. दिसायला देखणा. पहिल्याच लोंढ्याने पाणी कडेने फिरले, काठ फोडून गेले आणि बांध मध्ये कोरडा उभा राहिला.

दगड गोळा करताना सांबराचे गळलेले शिंग सापडले, साळिंदराने कुरतडलेले. ते तिथेच ठेवले. गल्लीतल्या घरांत यावर बोलणे अवघड जाते, कारण जुन्या घोड्या हस्तिदंताच्या, नंतरच्या सांबरशिंगाच्या, आणि आवाजात त्यांची सर दुसऱ्या कशाला नाही असे अजून म्हणतात. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपोआप गळलेले शिंगही उचलता किंवा विकता येत नाही. गटाचा नियम: नव्या वाद्याला घोडी उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम. हाड पूर्ण तूप सुटेपर्यंत उकळून, महिनाभर सावलीत वाळवून घ्यायचे. चरबी राहिली तर घोडी पिवळी पडते आणि जवारी टिकत नाही.

परदेशी जाणाऱ्या वाद्यांच्या शिसवी खुंट्यांबद्दल: शिसवाची सगळी जमात 2 जानेवारी 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. नोव्हेंबर 2019 अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. नुसते लाकूड पाठवायचे तर मात्र कागद लागतात.

26 जानेवारी 2025

तोडणी. वेल वाळली, देठ लाकडासारखा झाला, कवचाला नख लागत नाही. टिचकी मारली की टणक, कोरडा आवाज. देठ दोन इंच ठेवून करवतीने कापला, पिळून तोडला तर मुळाशी चीर जाते. 47पैकी 6 बाद. चार चिरलेले, दोन देठापाशी मऊ.

उरलेले 41 घेराने लावले. 54 इंचांवर 9, हे मर्दानी. 46 ते 54 इंच 17, जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजाच्या तंबोऱ्याचे. बाकी 15 सतारीला. लाल लोकरीचे 9पैकी 7 शिल्लक, त्यांवर खडूने आळ्याचा नंबर. सगळे बांबूच्या माचीवर, सावलीत, एकमेकांना न टेकता. उन्हात वाळवण्याची घाई केली की कवच एका बाजूने आकसते.

13 एप्रिल 2025

हलवल्यावर बी खुळखुळते, वजन हाताला कागदी लागते. चार भोपळे कापायला घेतले. आधी पाण्याच्या टाकीत बुडवले. भोपळा तरंगतो, म्हणून वर फळी आणि दगड. 24 तास पुरले. एक भोपळा तीन दिवस राहून गेला, त्याला कुबट वास आला आणि कवच आतून चामड्यासारखे सैल पडले. तो गेला.

कापाची रेघ दोऱ्याने आखायची, नजरेने नाही. बारीक दातांची करवत. आतला वाळका गर आणि पापुद्रा वाकड्या पत्तीने खरवडायचा. ओला असतानाच निघतो, वाळल्यावर कवचाशी एकजीव होतो. मग लगेच आत बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या ताणून बसवायच्या. एका भोपळ्याला दोनच कामट्या लावल्या, आठवड्यात तोंड अंडाकृती झाले. आता चार लावतो. कवचाची जाडी कापावर मोजली तर 5 ते 7 मिलिमीटर, एका जागी 3. तिथे आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवली.

बियांचे सात भोपळे भिजवायचे नाहीत, बी बिघडते. ते कोरडेच कापले. कड थोडी तुटते, आणि धूळ इतकी कडू असते की घसा दिवसभर कडवट राहतो. तोंडाला फडके बांधावे.

8 जून 2025

सात भोपळ्यांचे बी वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत, वर आळ्याचा नंबर, कवचाची जाडी, घेर. 3 मिलिमीटरवाल्या भोपळ्याच्या वेलीचे बी बाजूला काढले, पेरायचे नाही. पिशव्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी चुलीतली कोरडी राख. अर्धे बी शेतकऱ्याकडे, अर्धे मिरजेत. एका ठिकाणी ठेवले आणि उंदीर लागला तर संपले.

तूनची वाफ्यातली रोपे पिशव्यांत हलवली होती, त्यांतली 84 आज हातभर उंच आहेत. 40 शाहूवाडीला जातील, बांधांच्या वरच्या अंगाला, जिथे गाळ साठला आहे. खड्डे दीड फुटी, खणून झाले. बाकीची शेजारच्या दोन रानमालकांनी मागितली आहेत. देताना पोखरणाऱ्या अळीचे वरचे टिपण छापून द्यायचे. रोप मागणारा शेंडा कापायला कचरतो, आणि नेमका तोच कापावा लागतो.

भोपळ्याची जागा यंदा बदलली, मांडवापासून लांब, उतार सरळ ओढ्याकडे. टोकणी 22 जूनच्या पुढे, वाफसा बघून.